नववी पायरी

२ फेब्रुवारी

प्रिय अक्का हिस,
सप्रेम सलाम, वि. वि.

तुझं पत्र पोचलं. शिवणवर्गात बारा बायका आणि मशिनं सात, म्हणजे पाच जणी नुसत्या गप्पा मारणार. ज्या मशिनचा धागा सारखा तुटतो, त्याची सुई उलटी बसली असेल. सुईची सपाट बाजू कुठे आहे ते बघ. लगेच मेकॅनिक बोलावू नकोस.

इकडे सगळे बरे. तुझ्या भावजयीची कंबर धरलीय, आवाज मात्र शाबूत आहे.

आता मुद्द्याचं. वेल्डर परत आलाय. ज्याने चर्चच्या मनोऱ्यातल्या शिडीची चौदावी पायरी कच्ची जोडली आणि बाबांना जन्माचं लंगडं करून ठेवलं, तोच. पंचवीस वर्षं तोंड लपवून होता. आता छाती निकामी झाली तेव्हा देव आठवला. पाळकसाहेबांनी त्याला आवारातली मागची खोली दिली आणि काल रविवारी सगळ्या मंडळीसमोर प्रभुभोजन दिलं. चौकशी नाही, कबुली नाही, काही नाही.

वर उपदेश काय, तर तारण कमावता येत नाही, ते कृपेनं मिळतं. माणसाने रिकामा हात पुढे करायचा, बस्स. मी उपासनेनंतर त्यांना आतल्या खोलीत गाठलं. म्हटलं, साहेब, बाबा पडल्यापासून दर शनिवारी मी सव्वीस पायऱ्या चढून मनोऱ्यातल्या घड्याळाला चावी देतोय, कुणी सांगितलेलं नसताना. तेराशे शनिवारांत तीन चुकले, दोन टायफॉइडचे आणि एक माझ्या लग्नाचा, वहीत कारणासकट नोंद आहे. त्याचं काय? तर हसून म्हणाले, घड्याळ लोकांच्या सोयीसाठी आहे, देवाला वेळ कळते. त्यांनी थट्टेत घेतलं. मला काही हसू आलं नाही. मीही पुस्तकं वाचलीत, कुठल्या शाळेच्या मदतीशिवाय. ज्या ग्रंथात कृपा आहे, त्याच ग्रंथात चार पानं पुढे झाडाला फळ मागितलेलं आहे.

खरी कृपा म्हणशील तर ती बाबांवर झाली. दोन पायऱ्यांत अकरा इंच अंतर, म्हणजे चौदावी पायरी बारा फूट दहा इंचांवर. तेवढ्यावरून दगडी फरशीवर पडून माणूस मांडीच्या एका हाडावर सुटला. आणि हा मनुष्य त्याच फरशीवर बसून भाकर मोडतो. ह्याला काहीतरी पाहिजे असणार, अक्का. काय ते मी शोधून काढतो.

भावोजींना सलाम. लोभ आहेच, तो गंजू देऊ नये.

तुझा भाऊ


७ फेब्रुवारी

चि. घड्याळराव यांस,
अ. उ. आ.

सुई उलटीच होती. पण हे तुला कळवताना माझ्या जिवावर आलं, कारण आता पुढची दहा वर्षं तू ते ऐकवशील.

वेल्डर आले हे वाचलं. फार आजारी आहेत का ते? कोण करतं त्यांचं? खोलीत ऊन येतं का? तू सगळं बारकाईनं लिहिलंस, शिडीची उंची इंचांत दिलीस, पण माणूस कसा दिसतो याची एक ओळ नाही.

पाळकसाहेबांवर चिडू नकोस. तू चावी घड्याळाला देतोस की देवाला, असा मला कधीकधी प्रश्न पडतो. तेराशे शनिवार मोजून ठेवलेस, ते कुणाला दाखवायला? बाबा बावीस वर्षं तोच मनोरा चढले. त्यांच्याकडे वही असल्याचं मला आठवत नाही.

रागावू नकोस. लहानपणी तुला आंघोळ मीच घालायचे, तेव्हा एवढं बोलायचा हक्क आहे. एकच मागते, त्या माणसाला थोडे दिवस राहू दे. जुनं उकरून कुणाचं भलं होणार?

भावोजी आशीर्वाद सांगतात. प्रकृती सांभाळ, आणि माझ्यावर डाफरायचं असेल तर पत्रातच डाफर, मनात ठेवू नकोस.

तुझी अक्का


११ फेब्रुवारी

प्रिय अक्का हिस,
सप्रेम सलाम, वि. वि.

डाफरत नाही. पण तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि मला ते सरळ वाटलं नाही. ज्याने बापाला अधू केलं, त्याच्या खोलीत ऊन येतं का, हे मुलगी विचारते? आणि त्याला अहो-जाहो कशाला? तुला काही माहीत आहे का, जे मला माहीत नाही?

माझा तपास असा. एक, घड्याळाचे टोल पडले की तो खोलीबाहेर येतो, वर बघतो आणि ओठ हलवत मोजतो. दोन, शनिवारी मी मनोऱ्यात असतो, तेव्हा तो खाली बाकावर बसून असतो. मी उतरलो की उठून जातो, बोलत नाही. तीन, हे महत्त्वाचं. त्याने पाळकसाहेबांना विचारलं की मी अजून दुरुस्तीच्या प्रत्येक कामावर पंचने, म्हणजे खूण उठवायच्या खिळ्याने, छोटा त्रिकोण ठोकतो का. माझी खूण त्याला कशाला हवी? ती दुसऱ्या कुठल्या मोडक्या मालावर उठवून मला बदनाम करायचा बेत असला तर?

तोंडानेच विचारावं म्हणून एकदा मी त्याच्या दारापर्यंत गेलो. दार करकरतं. त्याने ते उघडलं, माझ्या चेहऱ्याकडे न बघता हातांकडे बघितलं आणि बाजूला सरकला, आत ये म्हणून. मी गेलो नाही. तू विचारलंस म्हणून लिहितो, वाळून काटकी झालाय. ऊन सकाळी तासभर येतं.

मी मंडळीच्या कमिटीला अर्ज केलाय. ज्याने आपल्या अपराधाची ना कबुली दिली ना भरपाई केली, त्याला प्रभुभोजन देऊ नये आणि आवारात ठेवू नये. अकरा सह्या झाल्या. शुक्रवारी सत्तावीस तारखेला निर्णय आहे. औषधाच्या दुकानवाले कमिटीचे अध्यक्ष आहेत. ते म्हणाले की बाबा आता नाहीत, पण त्यांच्या मुलीची सही आली तर वेल्डरला महिनाअखेर बाहेर काढता येईल. अर्ज सोबत जोडलाय. खुणेच्या जागी सही करून पंचवीसच्या आत पोचेल असा पाठव.

कुठे जाईल तो, असं तू विचारशील. पंचवीस वर्षं जिथे होता, तिथे जाईल.

उत्तर लांबवू नये. माया पातळ होऊ देऊ नये.

तुझा भाऊ


१७ फेब्रुवारी

चि. भावास,
अ. उ. आ.

सही करत नाही. अर्जाऐवजी पार्सल पाठवतेय. आधी पत्र पुरतं वाच, मग ते फोड. तू उलटं करणार हे ठाऊक आहे, म्हणून वर जाड कापड घालून दुहेरी टाक्याने शिवलंय. उसवायला वेळ लागेल.

बाबा पडले त्या आठवड्यात तू घड्याळाचं दातेरी चाक आणायला परगावी होतास. ते सोमवारी पडले, तू गुरुवारी आलास. तोवर शिडी काढून भंगारात गेली होती. एवढी घाई का केली, हे तू तेव्हाही विचारलं नाहीस.

तुटली ती चौदावी पायरी नव्हती. नववी होती.

चौदावी वेल्डरनी जोडली होती, खरं आहे. नववी कुणी जोडली होती, आठव. वेल्डर जेवायला गेले होते. तू त्यांचंच मशिन घेतलंस, पुस्तक उघडं ठेवलंस आणि जोडून मोकळा झालास. केवढ्या ऐटीत घरी येऊन सांगितलं होतंस! बाबांनी त्या रात्री मला म्हटलं होतं की पोराच्या हातात देवाने काहीतरी ठेवलंय.

ते पडले तेव्हा वेल्डर पहिले धावत आले. मी पाण्याचा तांब्या घेऊन पोचले. बाबा फरशीवर पडल्या पडल्या त्यांना सांगत होते की पोराला कळलं तर तो जन्मात हत्याराला हात लावणार नाही. वेल्डरनी तुटलेली पायरी उलटून जोड बघितला. मग म्हणाले, चौदावी माझी आहे, चौदावीच तुटली म्हणून सांगा. शिडी त्यांनीच उतरवली. आठवड्याभरात त्यांची सगळी कामं गेली. महिन्याने ते गेले. तुला सांगणार नाही असा शब्द बाबांनी माझ्याकडून घेतला आणि ही पायरी माझ्याकडे दिली. एवढी वर्षं ती माझ्या शिवणाच्या पेटीत तळाला होती. तो शब्द मी आज मोडला. त्याचं काय ते मी बघून घेईन.

आणि एक संशय माझाही आहे. तू संशय घेण्यात हुशार, पण मी तुझी थोरली बहीण. गिऱ्हाइकाचं घड्याळ पडलं तर किती उंचीवरून, कुठल्या अंगावर, हे विचारल्याशिवाय तू झाकण उघडत नाहीस. बाप पडला तेव्हा मात्र तुटलेली पायरी तू बघायला मागितली नाहीस. बारा फूट दहा इंचांची कृपा मानून बसलास. तुला आतून माहीत होतं का रे?

उत्तर नाही दिलंस तरी चालेल. पण सत्तावीस तारीख तुझ्या हातात आहे.

होतास तसाच माझा आहेस, एवढं धरून ठेव.

तुझी अक्का


२२ फेब्रुवारी

प्रिय अक्का हिस,
सलाम.

पार्सल मिळालं. टाके उसवायला वीस मिनिटं लागली.

भिंगाखाली धरून तपासलं. त्रिकोण माझा आहे. डावी बाजू किंचित लांब, तेव्हाचा माझा पंच तसाच होता. कुणी मागाहून ठोकला असेल का, हेही पाहिलं. खुणेच्या आतला गंज आणि बाहेरचा गंज सारखाच जुना आहे, तेव्हा ती शंका गेली. जोड वरून देखणा आहे, माशाच्या खवल्यांसारखा ओळीत बसलेला. आत धातू मिळालेलाच नाही. लोखंड पुरतं तापलं नव्हतं. किती तापवायचं ते पुस्तकात पुढच्या पानावर होतं. मी पान उलटेपर्यंत थांबलो नव्हतो.

नऊ पायऱ्या म्हणजे आठ फूट तीन इंच.

तुझ्या भावजयीला अजून सांगितलेलं नाही. ती दारातून दोनदा बघून गेली. मला जेवण जात नाही. पुढचं मागाहून लिहितो.

तुझा भाऊ


२ मार्च

प्रिय अक्का हिस,
सप्रेम सलाम, वि. वि.

शुक्रवारी कमिटी बसली. मी पायरी टेबलावर ठेवली, त्रिकोण दाखवला, कुणी जोडली आणि कुणी अंगावर घेतली ते सांगितलं आणि अर्ज मागे घेतला. औषधवाल्यांना पटेना. मी दयेपोटी दुसऱ्याचा दोष स्वतःवर ओढवून घेतोय, असा त्यांना संशय! अकरांपैकी चौघांना अजूनही तसंच वाटतं. महिनाभर मीच त्यांना संशय घ्यायला शिकवलं, आता तक्रार कुणाकडे करू? खोली मात्र राहिली.

शनिवारी दुपारी मी हत्यारांची पेटी घेऊन वेल्डरांकडे गेलो. माफी मागितली, ती शब्दाला शब्द लागला नाही अशी मागितली. ते मान हलवत राहिले. मग मी म्हटलं, दाराची बिजागरी बदलतो. ते म्हणाले, राहू दे, कोण आलं ते कळतं. म्हटलं, खिडकीची कडी सैल आहे. तीही राहू दे. भिंतीवरचं घड्याळ आठ मिनिटं मागे होतं, अक्का, आठ! तेही हात लावू दिलं नाही. पेटी दाराबाहेर ठेव आणि बस, म्हणाले. खुर्ची एकच होती, ती मला दिली. स्वतः खाटेवर बसले.

मला बसता येत नाही हे तुला माहीत आहे. हात कुठे ठेवायचे ते कळेना. शेवटी विचारलं, तुम्हाला माझ्याकडून काय पाहिजे? काही नको, म्हणाले. मी पुन्हा विचारलं. माझा विश्वासच बसेना, आजही पुरता बसलेला नाही. मग परत का आलात, म्हटलं. तर म्हणाले, छाती गेली, ओळखीचं गाव हेच, आणि तुझा हात बसला की नाही ते बघायचं होतं. शनिवारी खालून चावीचा आवाज ऐकायचो. टोल मोजायचो. चांगला बसलाय हात.

मग तुझा प्रश्न मी त्यांना विचारला. सहा दिवस स्वतःला विचारून झाला होता. खरं सांगतो, माहीत नव्हतं असं शपथेवर म्हणवत नाही. म्हटलं, तुम्हाला काय वाटतं, मला तेव्हापासून आतून माहीत होतं का? त्यांना खोकल्याची उबळ आली. ती ओसरल्यावर म्हणाले, माहीत असतं तरी मी तेच केलं असतं. आणि चहा गार होतोय म्हणाले.

ह्याला कुठून उघडायचं, अक्का? सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिलं, एकही स्क्रू दिसत नाही. पाळकसाहेब रिकाम्या हातांचं बोलले, तेव्हा मला ते कामचुकारांच्या सोयीचं वाटलं होतं. इतकं जड काम मी आयुष्यात केलेलं नाही. काल प्रभुभोजनाला ते माझ्या शेजारी होते. भाकर घ्यायला मी हात पुढे केला, रिकामाच.

शनिवारी त्यांच्या खोलीतून उठलो तेव्हा अंधार पडला होता. घरी येऊन जेवलो आणि झोपलो. काल चार वाजून दहा मिनिटांनी मनोऱ्यावरचं घड्याळ थांबलं, तेव्हा लक्षात आलं की शनिवारची चावी राहिली. वेल्डर बाहेर येऊन वर बघत होते. मी धावत निघालो, तर हातानेच म्हणाले, सावकाश.

चावी देऊन आलो आणि वही काढली. चुकलेल्या शनिवारांपुढे कारण लिहायची जागा आहे. आधीची तीन तुला ठाऊक आहेत. चौथ्यापुढे लिहिलं: बसलो होतो.

भावोजींना सलाम. पायरी परत पाठवत नाही, माझ्याकडेच राहू दे. तुझा लोभ मी कमावलेला नव्हता हे आत्ता कळतंय, तरी तो असू द्यावा.

तुझा भाऊ