धोट्याचा पहिला मान

मी, श्रीमती उषाबाई वासुदेवराव निमजे, वय चौऱ्याहत्तर, धंदा आधी मागासाठी सुताच्या कांड्या भरणे आणि आता नुसतं बसणे, राहणार आंधळगाव, तालुका मोहाडी, जिल्हा भंडारा, आपल्या मनाने आणि पूर्ण शुद्धीत हे मृत्युपत्र लिहून ठेवते. कोणाचा दबाव नाही, कोणी फूस लावलेली नाही. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. गुडघ्यांबद्दल त्यांनी काही लिहिलेलं नाही. याआधी मी कोणतंही मृत्युपत्र केलेलं नाही. करायला सवड झाली नाही.

कलम एक. राहतं घर मुलगा भुपेंद्र याला. तो नागपूरला असतो, घर विकेल हे मला माहीत आहे. विकावं. फक्त मागाच्या खोलीचं छत गळतं, हे घेणाऱ्याला आधी सांगावं. माझी सोन्याची पोत सून मेघा हिला. तिने मोडून नवीन घडवली तरी हरकत नाही, ती घडण मलाही कधी आवडली नव्हती. माग कोणी घेत असेल तर द्यावा, नाहीतर सरपण करावं. त्यावर रडत बसू नये.

कलम दोन. घराला लागून जी मोठी खोली आहे, जिला सगळं गाव मंडळ म्हणतं, ती विणकर बंधू मंडळाची नाही. ती माझी आहे. जागा माझ्या आईने मला दिली, ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर माझंच नाव आहे. यजमानांनी तिथे खोली बांधली आणि मंडळाला वापरायला दिली. सभासदांना हे ऐकून नवल वाटेल, कारण सभा असताना मी त्या खोलीत कधी बसले नाही. बाईमाणसाने बसायचं नाही अशीच रीत होती. सभेआधी झाडून घ्यायची आणि सभेत चहा खिडकीतून आत द्यायचा, एवढं माझं काम.

मंडळ चांगलं होतं, हेही लिहिते. कोशाचं रेशीम विणणारे गडी दर गुरुवारी संध्याकाळी जमत. एखाद्याचा माग अडला तर दुसरा सूत देई, मयतीला सगळे खांद्याला असत, लग्नात पाणी भरण्यापासून राबत. यजमान गेले तेव्हा याच लोकांनी मला महिनाभर एकटं वाटू दिलं नाही. सभेत एक जुना धोटा हातोहात फिरतो. मागावर आडवं सूत ज्याने इकडून तिकडे जातं तो लाकडी धोटा. तो ज्याच्या हातात, त्यानेच बोलायचं, आणि तो खाली ठेवेपर्यंत मधे कोणी तोंड उघडायचं नाही. हा नियम मला फार आवडायचा. घरातही असता तर बरं झालं असतं. तो धोटा माझ्या वडिलांच्या मागावरचा, लग्नात माझ्याबरोबर आलेला. माझ्या हातात मात्र तो फक्त पुसण्यापुरता आला. कांड्या आम्ही बाया भरायच्या, ताण्याच्या उभ्या सुताला खळ आम्ही लावायची, आणि बंधू ते. असो.

आता नऊ म्हातारे उरले आहेत. दर सभेत एकच गाऱ्हाणं, "आजकालचे पोट्टे येतच नाही." खिडकीशी उभं राहून ऐकताना माझे कान किटले. मागच्या वर्षी त्यांनी युवा मेळावा ठेवला, तोही गुरुवारी दुपारी, पोरं कामावर असतात तेव्हा. पोरांसाठी म्हणून भुपेंद्रने वडिलांच्या नावाने कॅरम दिला होता. तो खराब होऊ नये म्हणून अध्यक्ष लक्ष्मणराव यांनी कपाटात कोंडला आणि किल्ली करदोट्याला बांधली. अजून त्याच्यावरचं प्लॅस्टिक निघालेलं नाही.

त्या मेळाव्याला एकटा माझा पुतण्या कुंदन आला. खाडा करून, बायको स्वाती आणि तीन वर्षांची मोनू यांना घेऊन आला. मोनूने सतरंजीवरचा धोटा उचलला आणि तोंडात घातला. लक्ष्मणरावांनी तो हिसकून घेतला. पोर रडायला लागली.

"सूनबाई, पोट्टीले बाहेर ने, सभा होऊन राहिली," ते म्हणाले.

स्वाती मुकाट्याने उठली. कुंदन म्हणाला, "काका, तुमीच तं बोलावलं होतं. मंग आमी आलो कायले?"

धोटा त्याच्या हातात नव्हता, म्हणून त्याचं बोलणं कोणी धरलं नाही. तो पुन्हा आला नाही. मी किटली घेऊन खिडकीबाहेर उभी होते. मला लक्ष्मणरावांचा राग आला. तो अजून आहे, आणि माझ्याबरोबरच जाईल असं दिसतं.

म्हणून कलम तीन. ती खोली आणि धोटा मी मंडळाला देते, पण पुढील अटींवर. सभा रविवारी घ्यावी. सभासदांच्या बायका, मुली, सुना, लेकरं यांनी आत, सतरंजीवर बसावं, दाराशी नाही. चहाची किटली खोलीच्या मधोमध ठेवावी, ज्याला प्यायचा त्याने ओतून घ्यावा. कॅरम कपाटाबाहेर काढावा आणि तो खराब व्हावा. धोटा सर्वांत आधी सभेतल्या सगळ्यात लहान माणसाच्या हाती द्यावा आणि मग वयाप्रमाणे वर वर यावा. अध्यक्षांचा नंबर शेवटी.

वर्षभरात हे झालं नाही तर खोली भुपेंद्रला जाईल. मोबाईलच्या दुकानासाठी गिऱ्हाईक त्याच्याकडे तयार आहे. "आई, म्हातारे किती दिवस बसतील तिथं?" असं तो म्हणतो. त्याचं चूक आहे असं मला म्हणता येत नाही. पण ती खोली बंद झालेली मला पाहवणार नाही, मेल्यावरसुद्धा.

हे सगळं लक्ष्मणरावांना घरी बोलावून वाचून दाखवलं. ते म्हणाले, "वहिनी, माझीच खरडपट्टी काढता अन् साक्षीची सहीबी मलेच मागता?" मी म्हटलं, साक्षीदाराने फक्त मी सही करताना पाहायचं असतं, पटायची सक्ती नाही. चहा दिला. तो त्यांनी पहिल्यांदाच माझ्या समोर बसून प्यायला.

कलम चार आणि शेवटचं. आपल्याकडे कोणी गेलं की शोकसभेला गडी मंडळात बसतात आणि बाया घरी. माझी शोकसभा सगळ्यांनी मिळून मंडळात घ्यावी. कुंदन आणि स्वातीला लक्ष्मणरावांनी स्वतः घरी जाऊन बोलावणं करावं. धोटा आधी मोनूच्या हाती द्यावा. तोंडात घातला तरी चालेल, लाकूड माझ्या वडिलांच्या हातचं आहे. ती रडली तर रडू द्यावी. तिच्या हातात धोटा आहे तोवर तिला गप्प करायचा कोणाला हक्क नाही, हा तुमचाच नियम आहे.

हे मृत्युपत्र मी वाचलं आणि खालील दोघांच्या समोर सही केली.

सही: उषाबाई वासुदेवराव निमजे
ठिकाण: आंधळगाव
दिनांक: १२ जानेवारी २०२५

साक्षीदार:
१. निर्मलाबाई सुखराम हेडाऊ, शेजारीण
२. लक्ष्मणराव सोनकुसरे, अध्यक्ष, विणकर बंधू मंडळ. मजकूर पटला म्हणून नव्हे, सही माझ्यासमोर झाली म्हणून. बोलावणं करायला जाईन.