डाव्या गालाचं माप

ती. ताईस,

धाकटीचा नमस्कार. तुझा गुडघा, भावोजींचा खोकला आणि तुमच्या जिन्यातला गेलेला दिवा, तिघांची प्रकृती कळव. माझी सांगायलाच लिहिते आहे.

खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी मला गळ घातली. त्यांच्या रुग्णालयात निरोगी माणसाचा गाल किती हलतो आणि तोंडात जागा किती असते, हे एमआरआयने मोजताहेत. (आजारी गाल ओळखायचा तर आधी धडका गाल ठाऊक हवा म्हणे. पटलं.) साठीपुढची धडधाकट बाई मिळेना, म्हणून मी. तेहतीस वर्षं टेलिफोन कचेरीत तोंड चालवून निवृत्त झालेल्या बाईच्या तोंडात खोट निघेल, असं मला तरी वाटलं नव्हतं.

सोमवारी गेले. चार पानी कागदावर सही केली, त्यात 'तोंडात काही नाही' असंही होतं. घड्याळ, बांगड्या, चष्मा काढून घेतला आणि भट्टीत पाव सरकवावा तसं मला त्या नळकांड्यात सरकवलं. आत हातोडे पडत होते. मधूनच कानात एक मुलगी सांगायची, "आजी, गाल फुगवा. आता आत ओढा." (आजी कोणाची? आमची ओळख दहा मिनिटांची.) ताई, पाचवीत गाल फुगवला म्हणून कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी मला अख्खा तास कोपऱ्यात उभं केलं होतं. आता कोणी माइकवरून फर्मावलं म्हणून तो लगेच फुगतो होय? तरी फुगवला. निदान उजवा तरी.

कारण शुक्रवारी फोन आला. उजवा गाल नऊ मिलिमीटर हलला, डावा जेमतेम दोन. आणि डावीकडे, गाल आणि दाढेच्या मध्ये, काहीतरी गोल दिसतंय. निरोगी गटातून माझं नाव तूर्त काढलंय. घाबरण्यासारखं काही नाही, म्हणाले, फक्त पुन्हा तपासू, येताना घरचं कोणीतरी आणा. घाबरण्यासारखं नसेल तर घरचं माणूस कशाला, माझी पर्स धरायला?

तेव्हापासून उजवीकडूनच चावते. आरशासमोर शिवणाची टेप लावून गाल मोजला; टेपवर दोन मिलिमीटर दिसत नाहीत, एवढंच कळलं. जीभ दिवसभर तिथेच फिरते आहे. हाताला काही लागत नाही, मग वाटतं, आत गेलं असेल. कपाटाच्या किल्ल्या साखरेच्या डब्यात आहेत, हे तुला माहीत असावं.

तुझी धाकटी

ता.क. गुरुवारी सकाळी दहाला बोलावलंय. तू ये. भावोजींना सांगू नकोस, ते धीर देत बसतात.

ता.क. २. आत्ता चष्म्याचं घर झटकलं, तर पेपरमिंटचा कागद निघाला, चार घड्या घातलेला. शाळेत प्रार्थनेला मी डाव्या गालात गोळी ठेवून उभी राहायचे आणि सिस्टरांना गाल हललेला कधी दिसला नाही, आठवतं ना? भीती वाटली की हात अजून आपोआप गोळीकडे जातो. सोमवारीही तसंच झालं असेल, तर डॉक्टरांना ते तू सांग. तू शाळेची मॉनिटर होतीस, माझी चहाडी करायला कधी मागेपुढे पाहिलं नाहीस. मी बाहेर बाकावर बसेन.

ता.क. ३. कागद त्या सोमवारचा की जुना, ते काही केल्या आठवत नाही. तू बुधवारीच ये.