कापलेली चाळीस सेकंदं

म्युनिक, रविवार, ११ नोव्हेंबर १९६२

तीर्थस्वरूप वसुधाताईस,

भास्करचा नमस्कार. मी ठीक आहे. तुम्ही सगळेही तसेच असाल असं धरून चालतो. गोडा मसाला पोचला. धीर कुठला, बसमध्येच पुडा फोडला, आणि गार्चिंगला लॅबपर्यंत अख्खी बस शिंकत होती.

तू विचारतेस, पत्रं का थांबली? रिसर्च रिसर्च म्हणून तुला टोलवत होतो. कारण वेगळंच आहे. भाऊजींना हे वाचून दाखवू नकोस.

माझ्या घरमालकीणबाई, फ्राऊ ओल्हा, युक्रेनच्या. युद्धात पळून आल्या तेव्हा त्यांची चार वर्षांची लेक हाल्या तिकडेच तिच्या मावशीपाशी राहिली. "आठवड्यात येते" म्हणून निघाल्या, त्याला अठरा वर्षं झाली.

इथल्या युक्रेनी पोरांना त्या आपले नाच शिकवतात. पोरं कसली, उत्तरं सगळी जर्मनमधून! गुडघे गेल्यापासून बाईंना उडी मारून दाखवता येत नाही, म्हणून खटपट करून तिकडची, कीव्हची, लोकनृत्यांची एक फिल्म मिळवली. प्रोजेक्टर मी चालवायचा. फिल्म घेऊन पार र्युसेल्सहाइम गावापर्यंत हिंडलो गं! कारखान्यात राबणारी युक्रेनी माणसं रविवारचे कोट घालून यायची आणि पहिल्या गिरकीलाच रडायला लागायची.

इथल्या युक्रेनी मंडळाची अट एकच: लाल झेंडा दिसता कामा नये. त्या झेंड्यापायीच तर देश सोडलेला. एका नाचामागे तो सबंध वेळ फडकत होता. मी म्हटलं, आल्झो, बरं तर, कात्री लावू. चाळीस सेकंदं कापली, नीट जोड दिला आणि तुकडा लॅबच्या कचऱ्यात टाकला. जपून ठेवायला काय झालं होतं मला मेल्याला? पण तुझा भाऊ पडला टापटिपीचा!

जूनमध्ये हाल्याच्या मावशीचं पत्र आलं. फिल्ममध्ये आपली हाल्या आहे, डोक्यावर गव्हाच्या ओंब्यांची माळ घातलेली, तीच.

ताई, ओंब्या फक्त त्या कापलेल्या नाचात होत्या. बाकी सगळ्या मुलींच्या डोक्यावर फुलं.

सांगणार होतो, देवाशप्पथ. पण बाई भिंतीवरच्या चादरीपुढे खुर्ची ओढून बसल्यासुद्धा होत्या. "लाव," म्हणाल्या. दर रविवारी दुपारी पडदे ओढून लावायचो. त्यांची नजर अधू, आणि फिल्म एका जागी थांबवली तर दिव्याने जळते, म्हणून पुन्हा पुन्हा मागे न्यायचो. चौथ्या रविवारी त्या ओरडल्या, "ही! ओंब्याच आहेत ना, भास्कर?"

फुलं होती. मी म्हणालो, "जा, गेनाऊ." म्हणजे हो, अगदी बरोबर.

मग फोटो हवा झाला. त्याच फ्रेमचा लॅबमध्ये करून दिला. एक प्रत त्यांनी मेरीच्या तसबिरीशेजारी ठेवली, एक मुलीला धाडली: किती मोठी झालीस, कपाळ अगदी तुझ्या बाबांचं! ते पत्र पोस्टात मीच टाकलं. हातात धरून कितीतरी वेळ पेटीपुढे उभा होतो, पण ते अडवायचा धीर झाला नाही.

परवा उत्तर आलं. बाईंनी स्वयंपाकघरात बसवून मला ते जर्मनमध्ये सांगितलं. हाल्याने लिहिलंय, "हो आई, ती मीच."

तेव्हापासून बाई घरभर गातायत. आज सूप वाढताना त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. "तुझ्यामुळे माझी लेक दिसली," म्हणाल्या.

ताई, त्या मुलीने दुसरीचाच फोटो हातात धरून काय केलं असेल गं? आईने आपल्याला ओळखलं नाही, एवढं तिला कळलं. का, ते कळायला मार्ग नाही. आणि तरी तिने "मीच" लिहिलं. माझं पाप त्या पोरीने निस्तरलं.

खऱ्या हाल्याला मी पाहिलंय. कापायच्या आधी भिंग लावून एकेक फ्रेम पाहिली होती. पण झेंडा बघत होतो गं. तिचा चेहरा काही केल्या आठवत नाही.

बाईंना सांगू का? तू आई आहेस, तूच सांग. पण लवकर लिही. त्या नाताळापर्यंत फोटोला चौकट करणार आहेत, आणि लाकूड मला आणायला सांगितलंय.

मायेचा हात सोसेनासा झालेला
तुझा भास्कर