जानेवारीचं पाणी

इस्रायल आळी, पनवेल
१० डिसेंबर २०१८

चि. सौ. रिवका हिस,
दादाचे अनेक आशीर्वाद आणि शालोम. प्रेषित एलियाहू हानबीच्या कृपेने मी खुशाल आहे, तुम्हीही सगळे तसेच असा.

फोन उचलत नाही म्हणून रागावलीस. उचलतो गं, पण कानातलं यंत्र फोनजवळ गेलं की शिट्ट्या मारायला लागतं, आणि मग तू काय बोलतेस ते शेजाऱ्यांना कळतं, मला नाही. त्यापेक्षा पत्र बरं. पत्रात तू मध्येच रडत नाहीस.

आता मुद्द्याचं. जानेवारीत रजा आहे, येऊ का, असं यंदाही विचारलंस. अगं, जानेवारीत येऊन करशील काय? काल सकाळी कोन गावी भगवानच्या तळ्यात दोरीला बांधून थर्मामीटर सोडला. बावीस! या पाण्यात जिताडा तळाशी जाऊन बसतो. नाकासमोरून जिवंत कोलंबी नाचवत नेली तरी बघत नाही. माशाच्या अंगात स्वतःची ऊब नसते. पाणी गार झालं की तोही गार, भूक मेली, हालचाल बंद. आमची झिल्पा म्हणायची की जिताडा आणि माझा नवरा, थंडीत दोघंही तोंड उघडत नाहीत. ती गेल्यापासून हे मला कुणी ऐकवत नाही.

तू ये ती नव्याच्या सणाला, आपलं नवं वर्ष लागतं तेव्हा. सप्टेंबर संपताना पाऊस सरतो, पाणी निवळतं, अठ्ठावीस-एकोणतीसवर येतं आणि जिताडा वेड्यासारखा खायला उठतो. बाबा उगाच त्याच आठवड्यात गळ टाकायचे नाहीत. सणाच्या रात्री ताटात जिताड्याचं डोकं, एक गाल तुला आणि एक मला. तू गेल्यापासून त्या ताटाला काही चव नाही.

आणि ऐक, झिल्पा गेली त्या वर्षी मी आणि भगवानने खाडीतून आणून सोडलेल्या बोटुकल्यांपैकी, जिताड्याच्या बोटभर पिल्लांपैकी, एक अजून आहे. माझ्या पायाएवढा झालाय. पूर्वी असला मासा साहेबलोकांकडे भेट म्हणून जायचा, म्हणून भगवानने त्याचं नाव मामलेदार ठेवलंय. कारखान्यातली नोकरी सुटली, पण भगवान आणि त्याचं तळं मला सुटलं नाही. दोघांनी ठरवलंय की तू येईपर्यंत मामलेदाराला हात लावायचा नाही. आता तरी सणालाच ये.

शमुएलरावांना शालोम, एयालला आशीर्वाद. माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा,
सॅमसनदादा


अॅशडोड
इस्रायल, २२ जानेवारी २०१९

ती. दादास,
रिवकाचा शि. सा. न. आणि शालोम.

तुझं पत्र वाचून शमुएल हसले. म्हणाले, तुझ्या भावाला बहिणीपेक्षा माशाच्या तब्येतीची जास्त माहिती आहे. मीही हसले, मग रजेचा अर्ज परत घेतला. आम्ही आलो असतो तर आज तुझ्याकडे असतो.

दादा, सणाला मला रजा मिळत नाही हे तुला किती वेळा लिहू? वृद्धाश्रमात सणासुदीला ज्यांची लहान मुलं आहेत त्यांना आधी सोडतात. माझा एयाल एकतीस वर्षांचा आहे, तो काही लहान मूल म्हणून दाखवता येत नाही. मोकळी असते ती जानेवारीत. तुझं पाणी तेव्हाच गार असतं त्याला मी काय करू?

एयालला मात्र मे महिन्यात सुट्टी आहे. त्याला पनवेल बघायचंय, मामा बघायचाय. गळ टाकायचा नाद तुमच्याकडूनच त्याच्यात उतरलाय. शनिवारीसुद्धा, शब्बाथला शिकार वर्ज्य असताना, धक्क्यावर बसतो, मी डोळेझाक करते. त्याला पाठवते आहे. मला आणता येत नाही तर निदान माझं कुणीतरी तुझ्या ओट्यावर बसेल.

त्याला वालाचं बिरडं फार आवडतं. झिल्पावहिनीसारखं तुला जमणार नाही, पण प्रयत्न कर. आहे तसा लोभ असू दे.
तुझी,
रिवका


पनवेल
१५ मे २०१९

चि. रिवका हिस,
आशीर्वाद आणि शालोम.

एयाल काल सुखरूप गेला. गुणी पोरगा. जेवल्यावर ताट स्वतः घासतो, मी केलेलं कच्चं बिरडं चांगलं म्हणून खाल्लं, आणि मराठी तुझ्यासारखीच, जुन्या वळणाची बोलतो. आळीतल्या बायका त्याला बघायला आल्या, दोघी-तिघी तर मुली सुचवून गेल्या.

आल्या दिवशीच त्याने गळाचं विचारलं. मी नाही म्हटलं. भगवानचा मुलगा केतन हल्ली रविवारी हौशी लोकांना तळ्यावर गळ टाकायला देतो. खारघर-कळंबोलीची मंडळी महागड्या काठ्या घेऊन येतात, मासा पकडतात, फोटो काढतात, सोडून देतात. मे महिन्यात तेही मी बंद करायला लावलंय. एयालला समजावून सांगितलं की पाणी आता चौतीसवर आहे, त्यातून पलीकडे गोदामासाठी भराव टाकून निम्मं तळं बुजवलंय, उरलेलं उथळ. तापलेल्या पाण्यात हवा राहत नाही. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडतात. आत्ता त्यांचा जीव नुसता टिकून आहे, त्यांना छेडायचं नाही. मामलेदाराचंही सांगितलं, तुझ्या आईसाठी राखलाय म्हणून. त्याने मान हलवली.

आता वाईट बातमी. आज सकाळी भगवान दारात आला आणि ओट्यावर टेकला. मग म्हणाला की मामलेदार गेला, पांढरं पोट वर करून बांधाला लागला हाय. मी रिक्षा करून गेलो. अंगावर जखम नव्हती. भगवान म्हणाला, उनानं मेला, अजून काय. केतन तिथेच उभा होता, पायाने बांधाची माती उकरत. उन्हानेच असेल. मी थोडा वेळ बांधावर बसलो. मला लाज वाटेल इतकं रडू आलं, म्हणून भगवान तिकडे तोंड करून उभा राहिला.

नव्याच्या सणाला तू येणार नव्हतीसच, म्हणजे तुझं काही बुडालं नाही. माझंच बुडालं.
तुझा,
सॅमसनदादा


अॅशडोड
१७ मे २०१९

ती. दादास,
रिवकाचा शि. सा. न.

एयाल घरी पोचला आणि घरात पनवेलशिवाय दुसरा विषय नाही. तुझं पत्र अजून यायचंय, पण मला धीर नाही, म्हणून मीच आधी लिहिते. सोबतचा फोटो बघ! छापून घेतलाय, एक आमच्या भिंतीवर, एक तुला. आधी रागावशील, मग हसशील.

शनिवारी तू प्रार्थनेला गेला होतास, त्याला लागणारे दहा पुरुष जमेनात म्हणून दुपारपर्यंत अडकलास. तेवढ्यात हा केतनबरोबर तळं बघायला गेला आणि केतनने हातात काठी दिली. बसल्या बसल्या मामलेदारच लागला, दादा! अर्धा तास झुंजला म्हणे. पहिल्या फोटोत एयालचे डोळे मिटले, दुसऱ्यात केतनचं बोट आलं, म्हणून तीनदा काढावा लागला. मासा केवढा! एयालने दोन्ही हातांनी छातीशी धरलाय, लहानपणी आमच्या शेजारची बाळं धरायचा तसा. आणि मग त्याने सोडून दिला. का, तर मामा म्हणाला होता की आई येईपर्यंत याला कुणी न्यायचा नाही. तुला सांगितलं नाही कारण शब्बाथ मोडला म्हणून तू ओरडशील. ओरड, पण मुलाचं मन बघ.

तो फोटो बघून मला काय झालं कोण जाणे. दुसऱ्या दिवशी आश्रमातल्या मोठ्या बाईंच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले. म्हटलं, इतकी वर्षं सगळ्यांचे सण मी सांभाळले, यंदा माझा सण मला द्या. दिला! मी येते आहे दादा, नव्याच्या सणाला, एकोणतीस सप्टेंबरच्या आत. तिकीट काढलं. माझा गाल राखून ठेव.

आनंदात आहे, तू पण राहा.
तुझी,
रिवका


पनवेल
९ जून २०१९

रिवका,
शालोम.

तुझं पत्र आणि फोटो मिळाला. मी तो खिडकीशी नेऊन भिंगातून बघितला. सावली पायाखाली आहे, म्हणजे ऐन दुपार. मासा कोरड्या हातात, कोरड्या बांधावर. तीन फोटो.

तुझ्या मुलाने मासा सोडला नाही, मारून पाण्यात ठेवला. चौतीस अंशांच्या पाण्यात अर्धा तास झुंजवलेल्या जिताड्याला परत दम धरायला त्या पाण्यात हवाच नसते. तो पोहत गेलेला दिसतो, फोटो काढणारे टाळ्या वाजवतात, आणि तो दोन-चार दिवसांनी मरतो. हे मी त्याला समजावून सांगितलं होतं, मराठीत, माझ्या ओट्यावर बसून. त्यापेक्षा त्याने तो मारून घरी आणला असता तर मी ओरडलो असतो आणि शिजवला असता. खाल्ला तरी असता कुणी. मेलेला मासा मी आणि भगवानने मिळून पुरला.

केतनला धारेवर धरलं. तो म्हणाला की काका, पावना होता, नाय कसा म्हनू. भगवान म्हणतो, मासा काय हाय, दुसरा सोडू. सगळ्यांचीच मनं मोठी, मीच एक हलका.

आणि शब्बाथ. इथे दहा माणसं जमवायला मी म्हाताऱ्यांच्या दारोदार फिरतो. त्या दिवशी दहावा माणूस माझ्या घरात झोपलाय असं समजून मी त्याला उठवलं नाही, प्रवासाने दमलाय म्हणून. तिकडे त्या देशात राहून तू मुलाला हेच शिकवलंस का?

भिंतीवरचा फोटो तुला लखलाभ. सणाला येणार असशील तर मासा नाही हे समजून ये. तुझं येणं माशासाठी होतं की माझ्यासाठी, ते आता कळेलच.
सॅमसन


अॅशडोड
३ जुलै २०१९

ती. दादास,
सा. न.

तुझं पत्र मी बाहेर गेले असताना एयालने उघडलं. पाकिटावर पनवेल बघून त्याला वाटलं, मामाने फोटोबद्दल लिहिलं असेल. मी आले तेव्हा भिंतीवर नुसता खिळा होता. काठ्या त्याने कुणाला तरी देऊन टाकल्या. जेवायला बसतो, उठतो.

त्याची चूक झाली. ती तू त्याला सांगायचीस, माझ्या संस्कारांचा पंचनामा करायची गरज नव्हती. तुझ्या घरी पाहुणा आला होता तो, आणि तू त्याला दहावा माणूस म्हणून मोजलंस.

तिकीट परत केलं. आश्रमात सांगितलं की सणाला मी आहे.
कळावे.
रिवका


पनवेल
२ ऑक्टोबर २०१९

चि. रिवका हिस,
दादाचे आशीर्वाद, आणि नवं वर्ष तुम्हा तिघांना गोड जावो.

तू उत्तर देणार नाहीस असं धरून लिहितो आहे.

परवा सण झाला. त्या आठवड्यात पाणी एकोणतीस होतं, अगदी बाबांच्या पसंतीचं. मी गळ घेऊन गेलो आणि न टाकताच परत आलो. भरावाची माती आता बांधापर्यंत आली आहे, पुढच्या सणाला तिथे बघायला तळं असेल असं वाटत नाही. डोकं पनवेलच्या बाजारातून आणलं, बर्फातलं, डोळे बसलेलं. ताटात मांडलं, प्रार्थना म्हटली, एक गाल मी खाल्ला. भगवान आला होता. दुसरा तसाच राहिलेला बघून म्हणाला की आनंदानं खातो मी, वाया कशाला जायला. मी त्याला खाऊ दिला नाही. तो चपला घालून घरी गेला आणि गाल मी सकाळी मांजराला घातला. चाळीस वर्षांच्या मित्राला मी सणाच्या दिवशी असं पाठवलं.

एयालला सांग, मामा रागावला होता, आता राग नाही. त्याने माझ्याशी बोलावं. यंत्राने शिट्ट्या मारल्या तर मारू देत.

आणि तू जानेवारीत ये. पाणी गार असेल, काही लागणार नाही. न लागू दे. घरी बसू. थर्मामीटर मी भगवानच्या घरी खुंटीला अडकवून आलोय. तुझी खोली झाडून घेतली आहे. मी आता एकाहत्तरचा, तू काही लहान नाहीस. तारीख तेवढी कळव, विमानतळावर मी स्वतः येतो.

वाट बघतो आहे.
तुझा,
दादा


अॅशडोड
१८ नोव्हेंबर २०१९

ती. दादास,
रिवकाचा शि. सा. न. आणि शालोम.

पत्र मिळालं. एयालला वाचून दाखवलं. फोन करतो म्हणालाय. लगेच नाही करणार, पण करेल. तू उचल.

जानेवारीचं जमणार नाही. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन दोन वर्षं रखडलं होतं. ऑगस्टमध्ये डॉक्टरांनी विचारलं की कधीची तारीख देऊ, तर मी म्हटलं की जानेवारीत मी मोकळीच असते, जानेवारी द्या. त्यानंतर तीन-चार महिने प्रवास नाही. पुढच्या वर्षी बघू, सगळं ठीक राहिलं तर वीस साली नक्की.

तू विचारलं होतंस की मी माशासाठी येणार होते की तुझ्यासाठी. मी तुला दर वर्षी जानेवारीबद्दल विचारत होते, दादा. दर वर्षी तू मला पाण्याचा आकडा कळवलास.

भगवानदादाकडे जा आणि त्याची माफी माग. तो जवळ आहे, मी लांब आहे. औषधं वेळेवर घे. लोभ आहे, म्हणूनच एवढं लिहिलं.
तुझी,
रिवका

ता. क. थंडीत बाबा तळ्यावर जायचेच नाहीत, आठवतं? खाडीवर जायचे आणि कणकेच्या गोळीवर बोय मासळी आणायचे. आई तव्यावर परतायची. खवल्यांची होती, म्हणून आपल्या धर्मात चालायची. मला बोय चालली असती.