हातची राळ, चाळणीची राळ

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, सरकारी रासायनिक प्रयोगशाळेतून निवृत्त झालेली, अविवाहित, हे मृत्युपत्र माझ्या राहत्या घरी स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा दाखला समोरच्या घरातल्या डॉक्टरांनी आज सकाळी दिला. त्यासाठी त्यांनी मला शंभरातून सात-सात वजा करायला लावले आणि मध्येच स्वतः चुकले. मी त्यांना दुरुस्त केले. मला कोणी भरीला पाडलेले नाही, दमही दिलेला नाही. अकरा वर्षांपूर्वी केलेले मृत्युपत्र मी या लेखाने रद्द करते. त्यात मी सगळेच्या सगळे प्रयोगशाळेला देऊन टाकले होते. निवृत्तीच्या निरोपाला चार चांगली भाषणे झाली होती, त्याचा तो परिणाम.

कलम १. मी राहते ते दोन खोल्यांचे घर माझी स्वकष्टार्जित मिळकत आहे. ते माझ्या मोठ्या बहिणीच्या मुलीला मिळावे. ती परिचारिका आहे, नऊ वर्षे माझ्याजवळ राहते आणि माझ्या औषधांच्या वेळा माझ्याहून नीट सांभाळते. मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. मोरीचा नळ आधी डावीकडे आणि मग उजवीकडे फिरवावा लागतो, हे तिला माहीत आहे. पुढे घर भाड्याने दिल्यास भाडेकरूला सांगावे.

कलम २. माझा सूक्ष्मदर्शक माझ्या शेवटच्या विद्यार्थिनीला द्यावा. ती आज प्रयोगशाळेत माझ्या जुन्या टेबलाशी बसते. हे यंत्र मी पदरच्या पैशांनी घेतले होते, सरकारी नाही. कोणी पावती मागितली तर टेबलाच्या खणात आहे. तिने ते वापरावे. कापड घालून शोभेला ठेवायचे असेल तर ते भाचीकडेच राहू द्यावे.

कलम ३. माझ्याकडे जाड कापडावर तेलरंगात रंगवलेले चार तक्ते आहेत, प्रत्येक दारापेक्षा जरासा लहान. ते प्रयोगशाळेच्या शिकवणी वर्गाला द्यावेत. ते भिंतीवर लागले पाहिजेत, नाहीतर परत आणावेत. ते ज्याने रंगवले त्याला मी या लेखात पेंटर म्हणते, कारण सगळा बाजार त्याला तेच म्हणतो. दुकानांच्या पाट्या रंगवणे हा त्याचा धंदा. गांजाच्या झाडापासून निघणाऱ्या राळेचे प्रकार मी अठ्ठावीस वर्षे शिकवले, पण त्या तक्त्यांइतके स्पष्ट मला कधी सांगता आले नाही.

पहिला तक्ता हातच्या राळेचा आहे, म्हणजे चरसचा. हिरव्या, उभ्या झाडाचा शेंडा दोन तळव्यांत धरून हलक्या हाताने चोळत राहतात. राळ तळव्यांवर काळा थर धरते. तो थर सोलून त्याची वळकटी करतात. वरून काळी, मोडली की आत हिरवट तपकिरी, आणि बोटाच्या उबेने मऊ पडणारी. पेंटरने त्या वळकटीवर चोळणाऱ्याच्या बोटांच्या रेषासुद्धा काढल्या आहेत. भिंगाखाली त्या खरोखर दिसतात.

दुसरा तक्ता चाळणीच्या राळेचा. पुष्कळ देशांत तिला हशीश म्हणतात. इथे झाड आधी वाळवतात आणि मग ताणलेल्या कापडावर किंवा बारीक जाळीवर आपटतात. राळ पानावर पसरलेली नसते. फुलाजवळ देठासारख्या केसांवर टाचणीच्या डोक्यासारख्या गाठी असतात, डोळ्यांना न दिसणाऱ्या, त्यांच्यात ती भरलेली असते. वाळलेल्या गाठी मोडून खाली पडतात, सोनेरी पिठासारख्या. ते पीठ दाबून त्याच्या वड्या करतात. रंग फिका, पोत रेताड, मोडली तर भुगा होतो. या तक्त्यावरच्या एकेका गाठीला पेंटरने वेगळी चकाकी दिली आहे. त्यात त्याचे दोन महिने गेले.

तिसरा तक्ता तेलाचा. भडकणाऱ्या द्रावकात राळ उतरवून घेतात, द्रावक उडून गेला की डांबरासारखे काहीतरी उरते. या प्रकारात घरे पेटतात. भाजलेल्या माणसांच्या घरातले नमुने माझ्यापुढे आले आहेत. भिंगाखाली यात ना केस दिसतो, ना गाठ. पेंटरने अख्खा तक्ता काळपट तपकिरी रंगवला आणि एका कडेला, जिथे थर पातळ असतो तिथे, मधासारखा पट्टा ओढला. मी म्हटले, "यात काहीच नाही की!" तो म्हणाला, "भिंगातसुद्धा काहीच नाही. मी काय मनचं काढू?"

चौथा अलीकडचा. झाड बर्फाच्या पाण्यात ढवळतात, थंडीने कडक झालेल्या गाठी तुटून तळाशी बसतात आणि जाळ्यांमधून गाळून घेतात. राळेच्या प्रकारांत इतका स्वच्छ मी दुसरा पाहिला नाही. तक्ता रंगवला तेव्हा पेंटर साठीचा होता. डोळ्यांवर दोन चष्मे चढवून काम करायचा.

कायद्याने यातले काही विकावे की विकू नये, हा माझा प्रांत नव्हता. पण एवढ्याशा गाठीत झाड केवढा कारभार करून ठेवते, याचे कौतुक मला शेवटपर्यंत वाटले, आणि ते लिहून ठेवायला मला संकोच नाही.

कलम ४. पेंटर माझ्या आयुष्यात कसा आला, हे इथे लिहून ठेवणे जरूर आहे, नाहीतर माझ्यामागे लोक आपापल्या मनाने सांगतील.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी माझ्याकडे एक पुडके आले. आत काळपट वड्या होत्या, एका तरुण पेंटरच्या रंगाच्या डब्यात सापडलेल्या. मी कण काढून, त्यावर रसायन टाकून रंगाची चाचणी केली. जांभळा रंग आला. ती चाचणी गांजाच्या पानालाही जांभळी येते आणि राळेलाही. पुढे भिंगाखाली बघणे हा नियम होता. टेबलावर तीस पुडकी पडली होती. मी भिंग न लावता लिहिले: "चरस." कोर्टात जाऊन तेच सांगितले. पाला असता तर फार तर सहा महिने झाले असते. चरसला दहा वर्षे. त्याला दहा झाली. वड्यांचा एक तुकडा मला नमुनेदार वाटला, म्हणून शिकवण्याच्या पेटीत मी तो ठेवला आणि चिठ्ठी लावली: "हातची राळ, उत्तम उदाहरण."

तीन वर्षांनी सरकारने आम्हाला खरे नमुने गोळा करायला डोंगरात पाठवले. तिथे एक बाई होती, पन्नाशीची, पण केस पांढरेशुभ्र, म्हणून गाव तिला म्हातारी म्हणे. लहानपणापासून राळ चोळलेली. स्वतः मात्र कधी ओढली नाही. तोंड कडू होते म्हणाली. तिच्यासमोर आम्ही गोळा केलेल्या वळकट्या मांडल्या. एक उचलून, वास घेऊन तिने बाजूला सारली.

"ही घाईत केलीय."

"कशावरून?" मी विचारले.

"पान आलंय आत. घाई केली की पान येतं. हळू हात फिरवला की झाड नुसती राळ देतं." मग दुसरी उचलली. "ही दुपारची. ही दोघींनी मिळून केलीय, एकीचा हात जड आहे."

मी मागाहून प्रत्येक वळकटी भिंगाखाली तपासली. घाईतली तिने एकही चुकवली नव्हती. इतके जाणते बोट मी पुन्हा पाहिले नाही. मोठमोठ्या पदव्यांची माणसे भेटली, त्यांच्यापुढे मी उठून उभी राहिले ते शिष्टाचार म्हणून. तिच्यापुढे मनापासून उभी राहिले असते. पण ती जमिनीवर बसली होती, म्हणून मी तिच्याशेजारी बसले.

निघताना मोठ्या तोऱ्यात मी माझ्या पेटीतला तो उत्तम तुकडा तिच्या हातावर ठेवला. तिने तो मोडला, चोळला, हुंगला आणि माझ्याकडे बघितले.

"बाई, ही चरस नाही. हा पाला आहे. कुटून, डिंक घालून थापलाय. तुम्हाला कुणी सांगितलं चरस म्हणून?"

चिठ्ठीवरचे अक्षर माझे होते. मी म्हणाले, "मीच."

ती हसली नाही. तुकडा माझ्या हातात परत देत म्हणाली, "मग ज्याला सांगितलंत त्याला जाऊन सांगा."

परत आल्यावर तो तुकडा भिंगाखाली ठेवला. पानाचे फाटके तुकडे, बियांची टरफले, देठाचे धागे. तीन मिनिटे लागली.

मी आमच्या साहेबांकडे गेले. ते म्हणाले, "निकाल लागलाय. आता त्यात बोट घालू नकोस."

"तीन मिनिटांचं काम होतं, साहेब. मी केलं नाही."

"मग आताही करू नकोस."

मी माझ्या नावाने कोर्टाला अर्ज लिहिला. दुसऱ्या प्रयोगशाळेने तपासले आणि पाला निघाला. पेंटर तीन वर्षे सात महिन्यांनी सुटला. तो आत असताना त्याची आई गेली आणि दुकान दुसऱ्याच्या हाती गेले.

सुटल्यावर आठव्या दिवशी तो प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभा राहिला. शिपाई त्याला हाकलायला निघाला होता. मी आत घेतले. वाटले, हा आता शिव्या देईल, आणि द्याव्यात. तो म्हणाला, "ते भिंगात कसं दिसतं, मला बघायचंय."

मी काच लावून दिली. वाकून तो कितीतरी वेळ बघत राहिला. मग मान वर न करता त्याने विचारले,

"एवढं स्पष्ट दिसतं?"

"हो."

"आणि तुम्ही बघितलं नव्हतं."

"नव्हतं."

माझ्या टेबलावरचा कागद आणि पेन्सिल ओढून जे दिसत होते ते तो काढायला लागला. रेघ चुकत नव्हती. दुसऱ्या आठवड्यात तो पुन्हा आला आणि म्हणाला, "खरी राळ कशी दिसते तेही दाखवा." पुढे पहिला तक्ता झाला तो असा.

नवे रसायनतज्ज्ञ शिकायला आले की पहिल्या दिवशी मी पेंटरला बोलवत असे. तो त्यांच्यापुढे उभा राहून एवढेच सांगायचा: तीन वर्षं, सात महिने आणि तीन मिनिटं. मग खाली बसायचा. माझ्या अठ्ठावीस वर्षांच्या व्याख्यानांचे कोणाला काही आठवत नाही. ते तीन आकडे सगळ्यांना आठवतात.

कलम ५. साहेबांनी त्या अर्जाबद्दल मला नऊ वर्षे पाण्याच्या विभागात टाकले. नळाचे पाणी, विहिरीचे पाणी, टाकीचे पाणी. शिकवणी वर्ग तेवढा माझ्याकडे राहिला, कारण तो घ्यायला दुसरे कोणी तयार नव्हते. साहेब आता हयात नाहीत, तरी लिहून ठेवते: मी त्यांच्यावर रागावलेली आहे आणि मरेपर्यंत तसाच राग ठेवण्याचा माझा हक्क राखून ठेवते. त्यांनी माझ्या गोपनीय अहवालात "हट्टी" असे लिहिले होते. त्या कागदाची नक्कल चौकटीत लावलेली आहे. ती माझ्या विद्यार्थिनीला द्यावी.

धाकट्या भावाला माझी वेताची आरामखुर्ची द्यावी. मी अर्ज लिहिला तेव्हा तो म्हणाला होता, "तुझ्या एका चुकीपायी सगळ्या घराला चव्हाट्यावर आणतेस." अकरा वर्षे तो माझ्याशी बोलला नाही. मग एक दिवस आला, त्या खुर्चीत बसला, आणि चहा झाल्यावर म्हणाला, "ताई, मला तेव्हा भीती वाटली होती." खुर्चीची वीण मी नव्याने घालून घेतली आहे.

कलम ६. बँकेतली शिल्लक वकिलांच्या संघटनेकडे द्यावी, ज्या गरीब आरोपींना नमुन्याची दुसरी तपासणी करून घेणे परवडत नाही त्यांच्यासाठी. देह वैद्यकीय महाविद्यालयाला द्यावा. तिथल्या मुलांना सांगावे की घाई करू नका.

कलम ७. पेंटरला मी पुढची खोली देणार होते, रंगकामासाठी. तसे त्याला सांगितले तर तो नाही म्हणाला. "मला काही दिलंत तर मी साक्षीदार होऊ शकत नाही, वकिलांना विचारलंय मी. मला साक्षीदार व्हायचंय." म्हणून त्याच्या नावे काहीही नाही. यावरून पुढे कोणी तंटा करू नये.

खुलासा. वरील मजकूर पेंटरने सही करण्याआधी संपूर्ण वाचला. त्याला सव्वा तास लागला. डॉक्टरांनी तोवर दोनदा घड्याळ बघितले. कलम चारच्या अखेरीस त्याचे बोट थांबले.

"हे काय लिहिलंत? 'त्याने मला क्षमा केली.'"

मी म्हणाले, "चौतीस वर्षं येतोस. मला वाटलं..."

"मी असं कधी म्हटलं नाही."

"नाही म्हटलंस."

"मग खोडा." तो म्हणाला, "मी येत राहिलो. एवढं खरं आहे."

ती ओळ मी त्याच्यासमोर खोडली आणि शेजारी छोटी सही केली. त्या जागी तो म्हणाला तेवढेच वाचावे: तो येत राहिला.

हे सर्व मी राजीखुशीने लिहिले, दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली आणि त्यांनी माझ्यासमोर केली.

लिहून ठेवणार: (सही) निवृत्त रसायनतज्ज्ञ

साक्षीदार १: (सही) पाट्या रंगवणारा, वय अडुसष्ट. अक्षर न् अक्षर वाचून सही केली.

साक्षीदार २: (सही) डॉक्टर, समोरचे घर. लिहिणाऱ्या बाईंना आज तपासले. शुद्धीवर आहेत आणि हिशेबात माझ्यापेक्षा पक्क्या आहेत.

स्थळ: राहते घर, स्वयंपाकघरातले टेबल
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२४, शनिवार