बर्फावरचा खांब

संशोधन केंद्र, अंटार्क्टिका
११ जानेवारी २०२६

ती. आईस प्रणिताचा सा. न. वि. वि.

इथे सगळं ठीक आहे. आज वारा अगदी पडला आहे. ऊन इतकं लख्ख आहे की काळ्या चष्म्याशिवाय बाहेर पाहवत नाही. आम्ही बर्फाचे लांब दांडे कापून काढतो. त्यांत हजारो वर्षांपूर्वीची हवा अडकलेली असते. तुकडा पाण्यात टाकला की ती तडतडत बाहेर येते. केंद्रातला माझा सहकारी धवल याने काल खिचडीत हिंग म्हणून भलतंच काही टाकलं, तरी सगळ्यांनी खाल्ली.

निहारिकाला डब्यात पोळी नको असेल तर नातीचे लाड करत बसू नकोस. वरुणला माझ्या तुळशीची आठवण करून दे, बायकोची आपोआप येईल.

लोभ आहेच, तो असाच राहू दे.

तुझी,
प्रणिता


बुकित पंजांग, सिंगापूर
१२ जानेवारी २०२६

चि. प्रणितास आईचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. संगणकावर आलं तरी मी ते वहीत उतरवून घेते आणि मग वाचते. बाबा जहाजावर असायचे तेव्हापासूनची सवय. तू गेल्यापासून त्याच वहीत तुमच्या केंद्राचं हवामानही उतरवते, ते संकेतस्थळावर रोज येतं. शुक्रवारपासून तिथे हिमवादळ आहे. रविवारी वारा ताशी शंभर किलोमीटरच्या वर होता. तुझ्या पत्रात तो पडला आहे.

शिवाय मागच्या पत्रात मी गुडघ्याचं लिहिलं होतं. तू त्याची साधी चौकशीही केली नाहीस. हे तुझ्या स्वभावात बसत नाही.

वरुणला विचारलं, तर तो भांडी घासायला उठला. न सांगता भांडी घासतात तेव्हा जावईबापू काहीतरी लपवत असतात, एवढं मला या घरात राहून कळलं आहे. शेवटी त्याने कबूल केलं की तू पत्रं आधीच लिहून धवलपाशी ठेवली आहेस आणि तो दर रविवारी तारीख घालून एक पाठवतो.

बाबांनी हेच केलं होतं. ते जहाजावर आहेत असं मी धरून चालले होते आणि ते परक्या बंदरातल्या इस्पितळात होते. त्यांचं शेवटचं 'प्रकृती उत्तम' मला ते गेल्यावर सहा दिवसांनी मिळालं. त्या पत्रावर रागवून उपयोग नव्हता, ऐकायला माणूस नव्हता. तू आहेस. म्हणून विचारते, कुठे आहेस?

लोभ आहे, आणि आज रागही आहे.

तुझी आई


बर्फावरचा तळ
१५ जानेवारी २०२६

ती. आईस सा. न. वि. वि.

आधी गुडघा कसा आहे ते कळव. धवलने तुझं पत्र इकडे पाठवलं. माझं चुकलं. वरुणला बोलू नकोस, मीच त्याला शपथ घातली होती. खिचडी मात्र खरी आहे, फक्त डिसेंबरातली.

मी केंद्रापासून दोनशे किलोमीटरवर आहे. आम्ही चौघं, तीन तंबू. पायाखाली जमीन नाही. जमिनीला धरून समुद्रावर तरंगणारा बर्फाचा जाड थर आहे. त्याला भोक पाडून आम्ही तापमापक खाली सोडला आहे. तिथे एक कोमट प्रवाह आत शिरतो आहे. कोमट म्हणजे शून्याच्या जेमतेम वर, पण बर्फाला तेवढं पुरतं. आम्ही धरलं होतं त्याहून तो पाऊण अंशाने गरम निघाला. आधी यंत्र बिघडलं असं वाटलं. बिघडलेलं नाही.

आलो तेव्हा तळामागे बोटभर भेग होती. आता ती फळी टाकून ओलांडावी लागते. ती आमच्या आणि जमिनीच्या मध्ये आहे. १९ तारखेला विमान न्यायला येईल. हवा वाईट असली तर भेग ओलांडून जमिनीच्या बाजूला जायचं ठरलं आहे. भरती-ओहोटीचं पंधरा दिवसांचं पूर्ण चक्र २१ला संपतं. तोवरचे आकडे मिळाले तर कोणालाच ते नाकारता येणार नाहीत.

तळावर एक खांब रोवला आहे. तो दर तासाला स्वतःची जागा कळवतो आणि आम्ही हललो तरी तिथेच राहणार आहे. त्याचं पान वरुण उघडून देईल. हा बर्फ रोज दोन मीटर समुद्राकडे सरकतोच, त्याला घाबरू नकोस.

रागव, पण लोभ कमी करू नकोस.

तुझी,
प्रणिता


बुकित पंजांग
२१ जानेवारी २०२६

चि. प्रणितास अनेक आशीर्वाद.

गुडघा बरा आहे. वाचनालयातून बर्फावरची दोन पुस्तकं आणली. एलआरटीच्या गाडीत वाचत बसले आणि स्टेशन मागे गेलं, मग पूर्ण फेरी मारून परत आले. घामाने निथळत बर्फाचं वाचताना विचित्र वाटलं.

१९ला विमान उडालं नाही हे मला वाऱ्याच्या आकड्यावरून आधीच कळलं. केंद्राने वरुणला नंतर कळवलं. तुमचा फोन सोमवारपासून लागत नाही. धवल म्हणतो की वादळात असं होतं. मुलगा चांगला आहे, पण त्याने दिलेल्या चांगल्या बातम्या मी आता वहीत उतरवत नाही.

खांबाची जागा उतरवते. कालपर्यंत रोजचे दोन मीटर होते. आज सकाळी दहा ते अकरा या एका तासात चाळीस. बारापर्यंत आणखी साठ. माझं चुकलं असेल म्हणून वरुणला पाहायला लावलं. त्याने दोनदा पाहिलं आणि भांडी घासायला गेला. भांडी सकाळीच घासून झाली होती. निहारिकाला गंमत वाटते आहे, मम्माचा पोल सो फास्ट लाह, असं तिच्या सिंगापुरी बोलीत म्हणते. मी तिला हो म्हटलं.

हातातलं काम अर्धं टाकून उठू नये, हे तुला मी शिकवलं. बाबांच्या बाबतीतही मला त्याचंच कौतुक होतं. ते मी आज परत घेते. तुझे आकडे तिथेच राहू देत.

पुस्तक सांगतं की बर्फ असा धावतो तेव्हा तो सुटलेला असतो. खांब सुटलेल्या बाजूला आहे, एवढं मला कळलं. तुम्ही त्याला मागे ठेवून निघणार होता, तेही मला आठवतं. पण चक्र आज संपतं आणि माझी मुलगी मला माहीत आहे.

हे मिळालं की हवामान लिहू नकोस. ठीक आहे असं तर मुळीच लिहू नकोस. भेगेच्या कुठल्या बाजूला आहेस, तेवढं लिही. वही उघडी ठेवली आहे.

लोभ तुझाच आहे, घ्यायला ये.

तुझी आई