घोडीचं माहेरपण

आई, परवा आपल्या घरी शिंगरू येतंय. घोड्याचं पिल्लू, खरंखुरं, तपकिरी, कपाळावर पांढरा ठिपका असलेलं. तू असतीस तर हातातलं काम थांबवून म्हणाली असतीस, "या वयात?" हो, याच वयात. बाळकुमचा फ्लॅट मुलाकडे सोपवून आम्ही दोघं कल्याणच्या पुढे, खडवलीजवळच्या जागेत राहायला आलो, तेव्हापासून हे माझ्या डोक्यात होतं. लहानपणी कल्याण स्टेशनवरून टांग्याने घरी आलो की तू घोड्यासमोर गुळाचा खडा धरायचीस आणि मग माझ्या हातावर ठेवायचीस. "तळहात सपाट ठेव, बोटं वाकवू नकोस." एवढ्या थोराड जनावराचे ओठ इतके मऊ कसे, असं मी दर वेळी विचारायचे. तू म्हणायचीस, "त्यालाच विचार." आता विचारणार आहे.

तयारीला लागलो आणि कळलं, आपल्याला काहीच माहीत नाही. यांनी हौसेने तबेल्यात चकचकीत लाद्या बसवून घेतल्या, स्वयंपाकघरात असतात तशा. पुसायला सोप्या! पहिल्यांदा पाणी मारलं आणि स्वतःच आडवे झाले. तिथेच बसून म्हणाले, "बरं झालं गं, शिंगराच्या आधी मी पडलो." लाद्या उखडल्या, मुरूम चोपून घेतला, वर भाताचा पेंढा पसरला. कुंपणाची काटेरी तार काढून बांबू लावले. मग जनावरांची डॉक्टर आली, माझ्या लेकीच्या वयाची. तिने पाण्याची टाकी पाहिली, पेंढा चिमटीत धरून हुंगला आणि विचारलं, "याच्या सोबतीला कोण?" मी म्हटलं, "आम्ही दोघं आहोत की." "तुम्ही नाही हो, मावशी. चार पायांचं कोण?" घोडं एकटं राहत नाही म्हणे, झुरतं, निदान एखादी बकरी हवी. यांनी कपाळावर हात मारला. "शिंगरासाठी लाद्या गेल्या, आता बकरी. उद्या बकरीला सोबत म्हणून मला बांधशील." बकरी आली. ती यांच्याच मागे मागे फिरते.

पण माझी खरी काळजी वेगळीच होती. शिंगराची आई वरातीची घोडी आहे. तिचा मालक कल्याणचाच, लग्नसराईत रोज कुठल्या ना कुठल्या नवरदेवाला मिरवणारा. त्याला शिंगरू लवकर हलवायचं होतं. "ताई, तुळशीचं लग्न लागलं की हिला रोज वरात. पुढे बँड वाजतोय, मागे हे केकाटतंय, मधे नवरदेव घाबरलाय. धंदा कसा करायचा?" मी विचारलं, शिंगरू आईपासून तोडायचं कसं? "सोप्पंय. टेम्पोत घालायचं, आणायचं. दोन दिवस ओरडेल, तिसऱ्या दिवशी खायला लागेल." आणि नाही लागलं तर? तो हसला. "लागतं हो. पोट कुणाला चुकलंय?"

त्या दिवसापासून मला घास गोड लागेना. आणि मग, वाल सोलायला बसले असताना, मला शाळेचं फाटक दिसायला लागलं. मी पाच वर्षांची आहे. कॉन्व्हेंटचा पहिला आठवडा. वर्गातलं एक अक्षर मला कळत नाही, सिस्टर इंग्रजीत प्रेमाने काहीतरी म्हणतात आणि मी आणखीच रडते. बाकीच्या आया फाटकातून परत जातात. तू मात्र सिस्टरांना हातवारे करून काहीतरी पटवतेस आणि व्हरांड्यात, माझ्या खिडकीखाली फतकल मारून बसतेस. मांडीवर मोड आलेल्या वालांचा डबा. एकेक वाल दाबतेस, साल उडते, बिरडं ताटलीत पडतं. मी खिडकीतून बघते आणि माझं रडं थांबतं. दुसऱ्या दिवशी तू व्हरांड्यात नाहीस, गुलमोहराखाली आहेस. मग फाटकाशी. मग रस्त्यापलीकडे वह्यांच्या दुकानाच्या पायरीवर, एवढीशी, पण हात चालताना दिसतोय. आणि मग एक दिवस मी मान वळवली, तर पायरी रिकामी. मला रडायचं आठवलंच नाही. घरी आले तर ताटात बिरड्याची उसळ. मी विचारलं, "तू कधी गेलीस?" तू म्हणालीस, "तू फळ्याकडे बघत होतीस ना, तेव्हा."

मी तसेच ओले हात पुसून घोडीवाल्याला फोन लावला. म्हटलं, "शिंगरू एकटं नको. घोडीसकट आणा, दिवाळीच्या आधीच. ती राहू दे आमच्याकडे थोडे दिवस." पलीकडून तो म्हणाला, "म्हणजे काय ताई, माहेरपणाला पाठवू तिला?" मी म्हटलं, "पाठवा." "ओटीबिटी भरणार का?" "हरभऱ्यांनी भरते." तो इतका हसला की शेवटी हो म्हणाला. डॉक्टरला विचारलं, तीही म्हणाली, असंच हळूहळू केलेलं चांगलं. म्हणजे घोडी आधी शिंगराबरोबर तबेल्यात राहील. मग बांबूच्या कुंपणाच्या पलीकडे, नाकाला नाक लागेल इतकी. मग चिंचेखाली. मग फाटकाशी. शिंगरू केव्हा ओरडेल, केव्हा ओरडायचं विसरेल, बकरीला ते कोण समजेल, सगळं बघायची मला विलक्षण उत्सुकता आहे. आणि सगळंच फसेल, अशीही भीती आहे. पण तुझी रीत एका हट्टी मुलीवर चालली होती, तर शिंगरावर का नाही चालणार?

दुसऱ्यांदा तू गेलीस तेव्हा मी तुझ्यासाठी कोमट पाणी आणायला आत वळले होते. परत आले तर तू नव्हतीस. त्या वेळी विचारायला कुणी नव्हतं.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून त्यात एक गोष्ट लिहून ठेवते. घोडी शिंगराच्या भल्यासाठी येतेय, असं मी यांना, डॉक्टरला, घोडीवाल्याला सगळ्यांना सांगितलंय, आणि ते खरंच आहे. पण ज्या दिवशी तिला न्यायला टेम्पो येईल, त्या दिवशी मी शिंगराकडे बघणार नाही. ते त्याच्या घासात तोंड घालून असेल. मी फाटकाशी उभी राहून घोडीकडे बघणार आहे. ती जाताना मागे वळते का, ते मला बघायचंय.